रुग्ण बालकांची सेवा : नैमित्तिक की नित्य?

(मठाच्या वर्धापनोत्सवात, विद्यार्थिसभेत दिलेले व्याख्यान)



उत्सवाच्या सभेत पाठशाळेच्या एका शिक्षकाने बोलावयाचे ते शास्त्रातील एखाद्या विषयावर, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी त्या अपेक्षेचा भंग करणार नाही. मीमांसकांनी कर्माचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांविषयीच मला चार शब्द बोलावयाचे आहेत. मात्र उदाहरण मी यज्ञशाळेतून न घेता रुग्णालयातून घेणार आहे. असाध्य किंवा दीर्घकालीन व्याधीने ग्रासलेल्या बालकांसाठी आपल्या महाविद्यालयांतील मुलेमुली जी सेवा करू लागली आहेत, ती आपण डोळसपणे पाहावी आणि तिच्यात जे उणे आहे ते भरून काढण्यास पुढे यावे, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

पाठशाळेतील लहान विद्यार्थ्यालाही ठाऊक असते की, कर्म तीन प्रकारचे आहे. संध्यावंदनासारखे जे प्रतिदिनी करावयाचे, ते नित्य. ग्रहणातील स्नान, पुत्रजन्मानंतरचे जातकर्म यांसारखे जे निमित्त उपस्थित झाले असता करावयाचे, ते नैमित्तिक. आणि पाऊस पडावा म्हणून केलेल्या कारीरी इष्टीसारखे जे फलाच्या इच्छेने करावयाचे, ते काम्य. नित्यकर्माचे एक लक्षण मोठे अर्थपूर्ण आहे. ते केल्याने काही विशेष फल मिळते असे नव्हे. परंतु ते न केल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष, घडतो असे शास्त्रकार म्हणतात. संध्या केली म्हणून कोणी आपला सत्कार करीत नाही. ती चुकली तर मात्र आपले आपल्याला खटकते.

आता या तीन पेट्या समोर ठेवून आपण आपल्या गावोगावच्या रक्तदान शिबिरांकडे पाहू. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला, पुण्यतिथीला, उत्सवाला जे शिबिर भरते ते उघडच नैमित्तिक होय. आणि रक्त दिल्यावर छत्री, पिशवी किंवा जेवणाचा डबा मिळतो म्हणून जेथे रांग लागते, ते काम्यकर्मच म्हणावे लागेल! दोन्हींची मी थट्टा करीत नाही. त्या रक्तानेही प्राण वाचतातच. परंतु ज्या बालकांविषयी मी बोलणार आहे, त्यांची गरज नैमित्तिक नाही. ती नित्य आहे. आणि नित्य गरज नैमित्तिक दानाने भागत नाही.

ही बालके म्हणजे थॅलसेमिया या रोगाने पीडित मुले. शब्द ग्रीक आहे. ‘थॅलसा’ म्हणजे समुद्र आणि ‘हायमा’ म्हणजे रक्त. भूमध्य समुद्राच्या काठच्या कुळांत हा रोग प्रथम आढळला म्हणून हे नाव पडले. अमेरिकेतील डेट्रॉइट शहराचे बालरोगतज्ज्ञ डॉ. टॉमस कूली यांनी १९२५ साली त्याचे वर्णन केले. परंतु हा रोग परदेशातला आहे असे मानून कोणी निश्चिंत होऊ नये. भारतात दरवर्षी सुमारे १०,००० बालके हा रोग घेऊन जन्मतात, असा अंदाज तज्ज्ञ करतात. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत त्याचे प्रमाण अधिक आहे. पण त्यापासून सर्वस्वी मुक्त असा समाज नाही. येथे हैदराबादेत रुग्ण मुलांचे पालक आणि डॉक्टर यांनी मिळून १९९८ साली थॅलसेमिया अँड सिकल सेल सोसायटी स्थापन केली, यावरूनच आपल्या भोवती ही मुले किती आहेत याची कल्पना यावी.

रोगाचे स्वरूप थोडक्यात सांगतो. आपल्या रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. श्वासातील प्राणवायू शरीरभर वाहून नेणे हे त्याचे काम. हे द्रव्य दोन प्रकारच्या साखळ्या एकमेकींत गुंफून बनते. थॅलसेमियाच्या तीव्र प्रकारात त्यांतील बीटा नावाची साखळी शरीरात पुरेशी तयारच होत नाही. त्यामुळे तांबड्या पेशी नीट घडत नाहीत आणि ज्या घडतात त्या लवकर फुटतात. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन निराळ्या घडणीचे असते. म्हणून बाळ जन्मते तेव्हा निरोगी दिसते. सहा महिन्यांनंतर मात्र ते पांढरे पडू लागते, दूध टाकते, किरकिर करते, पोट फुगते. आई म्हणते दृष्ट लागली. आजी म्हणते दात येत आहेत. रक्ताची तपासणी होते तेव्हा घरावर आकाश कोसळते.

या मुलाला जगवावयाचे तर त्याला दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते, आणि तेही एकदा नव्हे. दर दोन ते चार आठवड्यांनी, जन्मभर. रक्त चढवले की मूल खेळू लागते, गालांवर रंग येतो. दोन आठवडे लोटले की पुन्हा जिना चढताना धाप लागते. पुढील रक्त चढवण्यापूर्वी हिमोग्लोबिन साधारण नऊच्या खाली जाऊ देऊ नये, असे डॉक्टर सांगतात. ते सांभाळले तर मुलाची वाढ होते, ते शाळेत जाते, तरुण होते, नोकरीही करते. ते वारंवार खाली गेले तर शरीर आपल्या परीने रक्त निर्माण करण्यासाठी हाडांतील मगज वाढवीत राहते; चेहऱ्याची हाडे बेढब होतात, प्लीहा सुजते, हृदयावर भार पडतो. नित्यकर्म चुकल्याचा प्रत्यवाय शास्त्रात अदृष्ट असतो. येथे तो चार वर्षांच्या मुलाच्या कपाळावर आणि गालांच्या हाडांवर डोळ्यांना दिसतो.

रक्ताबरोबर आणखी एक संकट येते. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. हे लोह हृदयात, यकृतात, अंतःस्रावी ग्रंथींत साचते. ते काढण्यासाठी औषधे आहेत. पूर्वी त्वचेखाली सुई ठेवून लहानशा पंपाने रात्रभर औषध सोडावे लागे. आता तोंडाने घ्यावयाची औषधेही उपलब्ध आहेत. ती रोज घ्यावी लागतात. रोग समूळ बरा करण्याचा रूढ उपाय म्हणजे जुळणाऱ्या दात्याच्या, बहुधा सख्ख्या भावाबहिणीच्या, मगजपेशींचे रोपण. परंतु असा दाता प्रत्येक मुलाला लाभत नाही, आणि खर्चही लाखांच्या घरात जातो. कोल इंडियाच्या साहाय्याने २०१७ साली सुरू झालेल्या थॅलसेमिया बाल सेवा योजनेतून अशा रोपणासाठी १० लाख रुपयांपर्यंत मदत देण्यात येऊ लागली. तरीही बहुसंख्य मुलांचे जीवन रक्ताच्या पिशवीवरच अवलंबून आहे.

आता हिशेब पाहू. समजा, एका मुलाला दर तीन आठवड्यांनी रक्त लागते. वर्षाचे १७ वेळा. लहानपणी एक पिशवी पुरते. वाढत्या वयात दोन लागतात. म्हणजे मोठ्या मुलाला वर्षाला ३४ पिशव्या. निरोगी पुरुषाला दोन रक्तदानांत ९० दिवसांचे आणि स्त्रीला १२० दिवसांचे अंतर ठेवावे लागते. एका व्यक्तीने वर्षातून तीन वेळा रक्त दिले असे धरले, तर एका मुलासाठी बारा माणसे पुरतात. केवळ बारा! ज्या महाविद्यालयात हजार विद्यार्थी शिकतात, तेथे एका मुलासाठी बारा माणसे मिळू नयेत काय?

मिळतात, आणि येथेच विद्यार्थ्यांच्या कार्याचा गौरव केला पाहिजे. रक्त कोणत्याही कारखान्यात तयार करता येत नाही. ते माणसाने माणसाला द्यावे लागते. ही गोष्ट पटवून देण्यात तरुणांचा वाटा सर्वत्र मोठा राहिला आहे. १९२१ साली लंडनमध्ये पर्सी ऑलिव्हर या रेडक्रॉसच्या कार्यकर्त्याने, रुग्णालयाचा निरोप येताच जाऊन रक्त देणाऱ्या स्वयंसेवकांची यादी आपल्या घरी ठेवण्यास आरंभ केला. तेव्हा रक्त साठवून ठेवणाऱ्या पेढ्या नव्हत्या. त्या यादीत बालवीर चळवळीतील तरुण मोठ्या संख्येने होते. एक वही, काही नावे आणि दिलेला शब्द पाळण्याची सवय, एवढ्यावर ती व्यवस्था चालली.

आपल्या देशात गांधीशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तेव्हापासून महाविद्यालयीन रक्तदान शिबिरांना एक घडी बसली. पुढे दिल्लीच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांनी २०१० साली ब्लडकनेक्ट ही संघटना उभारली आणि ती इतर शहरांतील महाविद्यालयांत पसरली. विद्यार्थ्यांनी सुरू केलेली, विद्यार्थ्यांनीच चालवलेली ही कार्ये आहेत. दरम्यान सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिलेल्या निर्णयानुसार, १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त विकण्यास पूर्ण बंदी झाली. त्यामुळे स्वेच्छेने देणाऱ्यावरची जबाबदारी अधिकच वाढली.

स्वेच्छेने, आणि तेही नियमाने देणाऱ्याचे रक्त अधिक सुरक्षित असते, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. दिलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, उपदंश आणि हिवताप यांसाठी तपासणी होते. तरीसुद्धा रोगाचा संसर्ग अगदी ताजा असेल तर तो चाचणीत सापडत नाही, असा काही काळ असतो. ज्याला नातेवाइकाच्या भिडेने किंवा भेटीच्या आशेने रक्त द्यावे लागते, तो आपली माहिती लपवण्याचा संभव असतो. जो वर्षानुवर्षे दर तीन-चार महिन्यांनी येतो, त्याची वारंवार तपासणी झालेली असते आणि लपवण्याचे त्याला काही कारण नसते. ज्या मुलाच्या अंगात जन्मभरात शेकडो पिशव्या जावयाच्या आहेत, त्याच्या दृष्टीने हा भेद केवढा मोठा आहे!

मग उणे कोठे आहे? विद्यार्थ्यांच्या वेळापत्रकात आहे. जुलै-ऑगस्टमध्ये महाविद्यालये गजबजतात, शिबिरे भरतात, एका दिवसात दीडदोनशे पिशव्या जमतात. परंतु संपूर्ण रक्त ३५ दिवस आणि वेगळ्या काढलेल्या तांबड्या पेशी ४२ दिवस टिकतात. त्यापुढे त्या निरुपयोगी होतात. थॅलसेमियाच्या मुलांना तर शक्यतो ताजे रक्त द्यावे असे डॉक्टर म्हणतात. म्हणजे ऑगस्टमधील ओसंडणारा साठा नोव्हेंबरात उपयोगी पडत नाही. दसऱ्याच्या सुटीत वसतिगृहे ओस पडतात. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा येतात. मे महिन्याच्या उन्हाळ्यात तर महाविद्यालय बंद, मुले गावी, आणि रक्तपेढीचे शीतकपाट रिकामे. त्या महिन्यांत मुलाचा बाप हातात चिठ्ठी घेऊन या पेढीतून त्या पेढीकडे हिंडतो. मुलाच्या रोगाला सुटी नसते. आपल्या दानाला मात्र असते!

दुसरे उणे असे की, विद्यार्थी तीन-चार वर्षांनी निघून जातो. ज्या उत्साही मुलीने यादी केली, दूरध्वनी केले, डॉक्टरांशी बोलणी केली, ती पदवी घेऊन बंगळुराला किंवा पुण्याला गेली की तिच्याबरोबर यादीही जाते. नव्या वर्षी नवे मंडळ, नवे फलक, नवा प्रारंभ. आरंभशूरत्व हा आपला जुना रोग आहे आणि त्यावर रक्त चढवून उपाय होत नाही.

परंतु मित्रहो, माणसे बदलत असूनही कार्य अखंड कसे चालवावे हे आपल्याला कोणी शिकवावे? मठ म्हणजे तरी दुसरे काय आहे? पाठशाळेत मी शिकलो तेव्हाचे विद्यार्थी आज तेथे नाहीत, पण सकाळचा पाठ कधी थांबलेला नाही. कारण वरच्या वर्गातला मुलगा खालच्या वर्गातल्याला संथा देतो आणि मगच निघून जातो. हीच पद्धत आमच्या पाठशाळेतील सज्ञान विद्यार्थ्यांनी आणि शहरातील काही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी मिळून स्वीकारली आहे. ती मी आपणापुढे मांडतो.

पहिली गोष्ट, एकाच दिवशी सर्वांनी रक्त द्यावयाचे नाही. यादीचे चार गट करावयाचे आणि प्रत्येक गटाने आपापल्या महिन्यात द्यावयाचे. रक्तपेढीला किती पिशव्या केव्हा लागतील हे आधी विचारावयाचे आणि तितकेच दाते पाठवावयाचे. शंभर पिशव्यांचे एक शिबिर दिसावयास मोठे दिसते; दर आठवड्याला येणारे दोन दाते कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. मुलांना उपयोग मात्र दुसऱ्याचाच अधिक.

दुसरी गोष्ट, वही एका माणसाची नसावी. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षाच्या एकाला आपल्या शेजारी बसवून ती चालवावयास शिकवावी. दात्याचे नाव, रक्तगट, मागील दानाची तारीख आणि पुढील दानाची तारीख एवढ्या चार रकान्यांची ही वही आहे. चारही रकाने भरलेले असतील तर सेवा जिवंत आहे असे समजावे.

तिसरी गोष्ट, रक्त देणे हा सेवेचा एकच भाग आहे. ज्याचे वय अठरा पूर्ण नाही, वजन ४५ किलोपेक्षा कमी आहे, किंवा हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली आहे, त्याला रक्त देता येत नाही. परंतु त्यालाही काम आहे. रक्त चढवावयास तीन-चार तास लागतात. तेवढा वेळ मूल हाताला सुई लावून एका जागी पडून असते. दर तिसऱ्या आठवड्याला त्याची शाळा बुडते. आमची मुले अशा एका केंद्रात त्या मुलांजवळ बसू लागली. चौथीतील एका मुलाचा अपूर्णांकांचा धडा असाच बुडाला होता. अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने त्याला वर टांगलेली पिशवी दाखवली. ती अर्धी झाली, पाव उरली, पावाचेही अर्धे उरले, असे सांगत सांगत त्याने तो धडा शिकवला. पिशवी संपली तेव्हा मुलाने हिशेबाच्या वहीत आपल्या पुढच्या खेपेची तारीख लिहिली आणि त्या तारखेसमोर शिकवणाऱ्या दादाची सही मागितली. मूल हे असे असते. खाऊ दिला तर ते घेते. पण त्याचा प्रश्न ‘पुन्हा केव्हा येणार?’ हाच असतो.

या सेवेचे काही नियम विद्यार्थ्यांनीच घालून घेतले आहेत. सर्दीखोकला असेल त्या दिवशी जावयाचे नाही. मुलांची छायाचित्रे काढावयाची नाहीत. रोग कोणाकडून आला, असे आईबापांना विचारावयाचे नाही. ‘लवकर बरा होशील’ असे खोटे सांगावयाचे नाही. ‘पुढच्या खेपेला गोष्ट पुरी करू’ असे सांगावे, आणि ती पुरी करावी. औषधोपचाराबाबत सल्ला द्यावयाचा नाही. ते काम डॉक्टरांचे. आणि ज्याला वर्षभर येणे जमणार नाही, त्याने मुलाशी सलगी वाढवू नये, त्याने यादीचे किंवा दूरध्वनीचे काम करावे. या शेवटच्या नियमात मला मोठे शहाणपण दिसते. अर्धवट सोडलेली माया ही मुळीच न लावलेल्या मायेपेक्षा कधी कधी अधिक क्लेशदायक ठरते.

आता आपल्यापैकी काही वडीलधाऱ्यांच्या मनात ज्या शंका येतात, त्यांचा विचार केला पाहिजे. अध्ययन करणाऱ्या मुलाने रक्त दिले तर तो अशक्त होणार नाही काय? शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातले ३५० किंवा ४५० मिलिलिटर घेतले जाते. त्यातील द्रवभाग एकदोन दिवसांत भरून येतो. पेशी भरून यावयास काही आठवडे लागतात. म्हणूनच ९० आणि १२० दिवसांचे अंतर ठेवलेले आहे. मात्र उपवासाच्या दिवशी, रिकाम्या पोटी रक्त देऊ नये. एकादशीला उपोषण असेल तर द्वादशीनंतरचा दिवस ठरवावा.

दुसरी शंका शुचितेची. रक्त दिल्याने अनुष्ठानास बाध येतो काय? विद्वान धर्मशास्त्र्यांपुढे मी लहान आहे. तरी माझ्या अल्पबुद्धीला एवढेच दिसते की, ज्याने भुकेल्याला अन्न दिले त्याला आपण अशुचि म्हणत नाही. अन्नाचेच पुढे रक्त होते. ज्या बालकाच्या शरीरात अन्नाचे रक्त होण्याची शक्तीच नाही, त्याला तयार रक्त देणे हे अन्नदानाचेच पुढचे पाऊल नव्हे काय? आणि हे रक्त कोणाचे कोणाला जाते, हा प्रश्न तर विचारूच नये. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्तगट दाखवून दिले, तेव्हा त्यांना जाती आढळल्या नाहीत; गट आढळले. ते सर्व जातींत, सर्व धर्मांत विखुरलेले आहेत. संकटाच्या वेळी आपला सख्खा भाऊ निरुपयोगी ठरतो आणि अनोळखी माणसाचे रक्त जुळते. सर्वांभूती एकच ईश्वर आहे असे आपण कीर्तनात ऐकतो. रक्तपेढीच्या शीतकपाटासमोर ते प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

विवाहाच्या बाबतीतही एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. ज्यांच्या अंगात या दोषाचा अर्धाच अंश असतो, ते स्वतः निरोगी असतात. त्यांना काही कळतही नाही. पती आणि पत्नी दोघेही असे असतील, तर प्रत्येक गर्भाच्या वेळी चारात एक इतका रोगी मूल होण्याचा संभव असतो. एचबीए-टू या रक्ताच्या तपासणीने हे विवाहापूर्वी कळू शकते. सायप्रस बेटावर हा रोग फार होता. तेथील धर्मपीठाने १९८० च्या दशकाच्या प्रारंभी असा नियम केला की, चर्चमध्ये विवाह करावयाचा तर वधूवरांनी तपासणी करून घेतल्याचा दाखला आणावा. दोघेही वाहक निघाले म्हणून विवाहास मनाई नव्हती. त्यांनी जाणतेपणाने निर्णय घ्यावा, एवढाच हेतू होता. परिणाम असा झाला की, तेथे अशा रोगी बालकांचा जन्म जवळजवळ थांबला. एका धर्मपीठाला जे साधले ते आपल्याला का साधू नये? पत्रिका दाखवण्यासाठी आपण मठात येतोच. त्याच वेळी हा कागदही मागण्याची रीत पडावी. आमचे विद्यार्थी स्वतःची तपासणी आधी करून घेत आहेत आणि मग मित्रांना सांगत आहेत. म्हणून त्यांच्या सांगण्याला वजन आहे.

शेवटी, गृहस्थाश्रमी भक्तजनांना माझी एक प्रार्थना आहे. विद्यार्थ्यांनी वर्षातील नऊ-दहा महिने वाटून घेतले आहेत. परीक्षा आणि सुटी यांमुळे एप्रिलचा उत्तरार्ध, संपूर्ण मे महिना आणि दसऱ्याचा पंधरवडा त्यांच्या हाती नाही. हे दिवस आपण घ्यावेत. आपल्यातील पुष्कळांचे वय पासष्टच्या आत आहे, प्रकृती उत्तम आहे, आणि मे महिन्यात आपण याच शहरात असतो. प्रथमच रक्त देणाऱ्याने साठीच्या आधी आरंभ करावा, हे बरे. आणि मधुमेह, रक्तदाब, चालू औषधे यांविषयी पेढीतील डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. ते जो निर्णय देतील तो मानावा. ज्यांना रक्त देता येणार नाही, त्यांनी दात्याला आपल्या वाहनातून नेऊन आणावे, नंतर घरी जेवू घालावे. सभेनंतर मंडपाच्या उत्तरेकडील मेजावर विद्यार्थ्यांची वही ठेवलेली असेल. तीत मे महिन्याचे पान आज कोरे आहे.

उत्सव नैमित्तिक आहे. उद्या मंडप उतरेल, पताका काढल्या जातील. परंतु श्रींच्या गाभाऱ्यातील नंदादीप उद्याही तेवणार आहे, कारण तेल घालणाऱ्याने ते नित्यकर्म मानले आहे. त्याच्या समोर कोणी टाळ्या वाजवीत नाही. रुग्ण बालकांची सेवा त्या दिव्यासारखी आपल्या हातून घडो, एवढी श्रीगुरुचरणी प्रार्थना.

इति शम्।